पर्यावरणाचा पेपर

पर्यावरण हा शाळेत शिकवायचा विषयच नाही, असं माझं मत होतं. नुसतं होतं असं नाही. सांगलीत असताना स्टाफरूममध्ये, पालकसभेत, प्रशिक्षणाला आलेल्या तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या तोंडावरसुद्धा मी ते बोलून दाखवायची. भूगोलाची शिक्षिका म्हणून हा विषय कायम माझ्याच गळ्यात पडायचा. अकरावी-बारावीच्या प्रकल्पांचे गठ्ठे तपासायला घेतले की ‘ओझोन थराचा ऱ्हास’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘वाघ वाचवा’ असे तेच ते मथळे आणि तीच ती चिकटवलेली चित्रं. स्टेशनरीच्या दुकानात प्रकल्प तयार मिळायचे. एकदा एका फाइलवरचं नाव जरा जाड लागलं म्हणून नखाने खरवडलं, तर व्हाइटनरखाली आदल्या वर्षीच्या मुलाचं नाव निघालं आणि त्याच्याखाली त्याच्याही आदल्या वर्षीच्या मुलीचं. कागदाचा पुनर्वापर म्हणून त्या फाइलीला खरं तर पैकीच्या पैकी द्यायला हवे होते.

हा विषय आपल्याकडे आला तो कोर्टाच्या आदेशाने. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शाळा-कॉलेजात पर्यावरण सक्तीने शिकवा. अंमलबजावणी रेंगाळली, मेहता पुन्हा कोर्टात गेले, २००३ मध्ये कोर्टाला पुन्हा कान उपटावे लागले. मग पुस्तकं आली, तासिका आल्या, श्रेणी आली. आणि माझ्यासारख्या शिक्षकांना एक हुकमी वाक्य मिळालं: कोर्ट विषय सक्तीचा करू शकतं, शिकणं नाही.

माझ्याकडे याला पर्याय तयार होता. मुलांना पुस्तकातून काढा आणि नदीवर न्या. सांगलीत हे पटायचंही. तिथल्या मुलाला कृष्णा शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात पाचवीतलं पोरही सांगतं, आयर्विन पुलाला आज पाणी किती फुटांवर आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे पाढ्यांसारखं पाठ. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं आणि ते इथे कधी पोचेल, यावर चहाच्या टपरीवर वाद होतात. जिथे अख्खं गाव पाण्याची भाषा बोलतं तिथे बाईंनी फळ्यावर ‘जलसाक्षरता’ असा मथळा लिहायचा म्हणजे निव्वळ आगाऊपणा, असं मी म्हणायची. गुण नकोत, पेपर नको, पुस्तक नको. मुलं निसर्गात वाढली की बाकीचं आपोआप येतं.

या ‘आपोआप’वर माझी सगळी भिस्त होती. ती सुटली अल कुसैसला आल्यावर.

दुबईच्या ज्या टोकाला शारजा सुरू होतं त्या टोकाला कुसैस. बुर्ज खलिफाची दुबई पाहायला आलेले पाहुणे इकडे फिरकत नाहीत. विमानतळाच्या बाजूला असल्यामुळे विमानं डोक्यावरून जातात, मेट्रोची ग्रीन लाइन इथूनच सुटते, आणि सकाळी सहापासून रस्त्यांवर पिवळ्या स्कूलबसची रांग लागते, कारण भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा इथे एकमेकींना खेटून उभ्या आहेत. त्यांतल्याच एका मध्यम फीच्या शाळेत मी नववी-दहावीला सामाजिक शास्त्रं शिकवते. वर्गात केरळ, तामिळनाडू, उत्तर प्रदेश, गुजरात आणि चार-पाच मराठी पोरं.

ही मुलं हुशार आहेत. कार्बन फूटप्रिंट, नेट झीरो, सस्टेनेबिलिटी हे शब्द त्यांच्या तोंडी माझ्यापेक्षा सहज येतात. यायलाच हवेत. २०२३ हे या देशाने शाश्वततेचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, त्याच वर्षाअखेरीस हवामान परिषद कॉप २८ दुबईत भरली आणि शाळाशाळांत त्याची तयारी चालली होती. पण ‘तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?’ असं मी एकदा सहज विचारलं, तर उत्तर आलं, ‘मिस, टँकमधून.’ टाकीत कुठून येतं? ‘देवामधून.’ देवा म्हणजे दुबईचं वीज आणि पाणी खातं. त्यापुढे कोणालाच जाता येईना. एका मुलाने नदी म्हटलं, आणि सगळा वर्ग हसला, पण हसणाऱ्यांकडेही दुसरं उत्तर नव्हतं.

मी चिडले नाही, कारण ते पाणी त्यांना दिसणार कुठे? जेबेल अलीला समुद्राचं पाणी आत घेतात, वाफ करून किंवा पडद्यांतून दाबून मीठ काढतात, त्यासाठी नैसर्गिक वायू जाळतात आणि मग ते पाणी शहराच्या या टोकाला येतं. जेबेल अलीचं संकुल साडेनऊ हजार मेगावॅटचं, एका जागी गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्रांत जगात सर्वांत मोठं म्हणून त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. पण ते कुसैसपासून शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. कचऱ्याचंही तेच. मजल्यावरच्या छोट्या खोलीत एक झाकण असतं, ते उघडून पिशवी चूटमध्ये सोडायची, खाली धप्प आवाज येतो आणि कचरा ‘जातो’. सांगलीत घंटागाडी तरी दारात यायची, तिचं गाणं ऐकू यायचं, वास यायचा. इथे सगळं भिंतीच्या आत.

अर्थात एक गोष्ट या मुलांना स्वानुभवाने ठाऊक असते. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग घरोघरी गीझर बंद ठेवतात. बंद गीझरमधलं पाणी खोलीच्या एसीत थंड राहतं, म्हणून उन्हाळ्यात गरम पाण्याचा नळ सोडला की गार पाणी येतं आणि गारचा सोडला की चटका बसतो. नवीन आलेल्या माणसाला आधी ही गंमत सांगतात. मी वर्गात विचारलं, असं का होतं? शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने फळ्यावर टाकी, पाइप, गीझर काढून बरोबर समजावून सांगितलं. तेव्हा वाटलं, समज आहे, कुतूहल आहे. धागा तेवढा पुढे कोणी नेऊन दिलेला नाही. आणि तो नेणारं घरी कोणी नाही, कारण आईबापांनाही तो माहीत नाही. आम्ही सगळे नोकरीपुरते आलेलो. इथल्या पाण्याबद्दल टपरीवर कोणी भांडत नाही.

१६ एप्रिल २०२४ ला इथे पाऊस पडला. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पडलेला नव्हता. दुबई विमानतळावर वर्षभरात सरासरी ९५ मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे एका दिवसात सुमारे १४२ पडला. अल ऐनजवळ तर २५४ मिलिमीटरच्या वर. कोयनेजवळच्या नवजाचे पावसाचे आकडे पेपरात वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला हे काहीच नव्हे, पण रस्त्याला पुरेसा उतार नाही, पुरेशी गटारं नाहीत अशा शहरात ते काय करतं ते आम्ही पाहिलं. गाड्या पाण्यात, पलीकडे शारजात तर कितीतरी दिवस पाणी ओसरलं नाही. शाळा ऑनलाइन झाली. पहिल्याच ऑनलाइन तासाला मी विचारलं, हे का झालं असेल? चॅटमध्ये भराभर एकच उत्तर उमटलं: क्लाउड सीडिंग. सरकारने ढगांवर फवारणी केली म्हणून. व्हॉट्सॲपवर आलंय, पप्पांनी सांगितलंय. इथल्या हवामान केंद्राने त्या वादळात सीडिंग केलंच नाही असं जाहीर केलं होतं. आणि फवारणीने आहे त्या ढगातून थोडाफार जास्त पाऊस मिळू शकतो, एवढा मोठा ढग तयार होत नाही, हे नववीच्या पुस्तकातल्या हवामानाच्या धड्यावरूनही काढता आलं असतं. पण कॉप २८ मध्ये ग्रीन झोन पाहून आलेल्या, पोस्टर स्पर्धेत बक्षिसं घेतलेल्या मुलांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की इथे वर्षाला पाऊस पडतो किती.

इथून माझ्या मतालाच घरघर लागली. उपक्रम म्हणून जे काही मी मानत होते ते इथे भरपूर होतं. ॲल्युमिनियमचे कॅन गोळा करायची चढाओढ माझ्या धाकट्याच्या वर्गात होती. पहिलं यायचं म्हणून एका पालकांनी नाक्यावरच्या कॅफेटेरियातून गोणीभर कॅन उचलून आणले. दुसऱ्यांनी घरात पेप्सीचं अख्खं खोकं आणून पाहुण्यांना पाजलं. मुलांना मजा आली, फोटो निघाले. कॅन का वितळवायचा, खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला किती वीज लागते आणि जुन्या कॅनपासून किती कमी, हे त्यात कुठेही नव्हतं. मजा पुरे झाली असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी.

आणि हे सगळं कुठे? कुसैसमध्ये. जिथे वर्षानुवर्षं दुबईचा कचरा येऊन पडला. आमच्या मागच्या बाजूला मुहैस्नाकडे जाताना जी उंच सपाट टेकडी दिसते ती टेकडी नव्हे, कचराभूमी आहे. वारा फिरला की जुन्या रहिवाशांना तो वास आठवतो. त्या कचऱ्याच्या पोटात विहिरी घालून मिथेन ओढून घ्यायचा, जाळायचा, थोडी वीज करायची, असा प्रकल्प इथे २०१२-१३ च्या सुमारास उभा राहिला. नवा कचरा जाळून वीज करणारं मोठं केंद्र आता वरसानला सुरू झालंय, वर्षाला सुमारे वीस लाख टनांचं. वीस मिनिटांच्या अंतरात कचऱ्याचा भूतकाळ आणि वर्तमान दोन्ही आहेत, आणि आमची मुलं ‘वाघ वाचवा’चं पोस्टर रंगवतात.

मग मी बिलावर आले. शाळेत फार काही न मागता करता येण्यासारखं एवढंच होतं. मुलांना सांगितलं, घरचं विजेचं-पाण्याचं एक बिल आणा. देवाचं बिल शिकवायला फार छान आहे. विजेचे युनिट, पाणी पूर्वी गॅलनमध्ये यायचं ते आता घनमीटरमध्ये, आणि कोपऱ्यात कार्बन फूटप्रिंट किलोमध्ये. वर वापराचे रंग: २,००० युनिटपर्यंत हिरवा, ४,००० पर्यंत पिवळा, ६,००० पर्यंत नारिंगी, पुढे लाल. रंग बदलला की दर वाढतो.

पहिल्या दिवशी घोटाळा झाला. बिलात ‘हाउसिंग फी’ म्हणून एक आकडा असतो. वर्षाच्या भाड्याचे पाच टक्के बारा महिन्यांत वाटून लावतात. गणितात हुशार असलेल्या एका मुलीने त्याला बाराने आणि मग वीसने गुणलं आणि शेजारणीच्या घराचं भाडं मोठ्याने वाचून दाखवलं. पाच मिनिटांत वर्गभर एकमेकांची भाडी निघाली. संध्याकाळी दोन आयांचे फोन आले. त्यानंतर मी तो भाग कापून बिल आणायला सांगते.

दुसऱ्या दिवशी मात्र जे घडलं त्यासाठी मी आणखी दहा फोन घेतले असते. एक मुलगा हात वर करून म्हणाला, ‘मिस, आमचं बिल पिवळं आहे. म्हणजे आम्ही वाईट?’ उन्हाळ्याचं बिल होतं, २,४३० युनिट. मी विचारलं, घरात किती जण? तो जरा थांबला. त्यांच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं शेअरिंगमध्ये राहतात, नऊ माणसं. त्याला सांगायला लाज वाटत होती, हे मला उशिरा कळलं. पण मागून एकीने लगेच भागाकार केला: माणशी २७०. मग मिर्दिफच्या व्हिलात राहणाऱ्या एका मुलाने स्वतःच आपला आकडा सांगितला. ४,४०० युनिट, माणसं चार, माणशी ११००. हेही बिल म्हणे एका खोलीचा एसी बिघडलेला असतानाचं. वर्ग गप्प झाला आणि मग एकदम बोलायला लागला. रंग फ्लॅटला का देतात, माणसाला का नाही? माणसं मोजणार कोण? मग दर कसे लावायचे? व्हिलावाला मुलगा म्हणाला, ‘पण आमच्या घराला चारी बाजूंनी ऊन लागतं.’ तेही खरंच होतं. तास संपला तरी दोघे फळ्यावर भागाकार करत होते.

या एका तासात भूगोल होता, गणित होतं, नागरिकशास्त्र होतं आणि थोडं अर्थशास्त्रही. नदी नव्हती, झाड नव्हतं, पक्षी नव्हता. आणि हा तास माझ्या लाडक्या ‘आपोआप’ने कधीच झाला नसता.

तेव्हापासून सांगलीकडेही मी जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागले. आमच्या मुलांना पाण्याची पातळी पाठ होती, हे खरं. २०१९ ला आयर्विनवर ती ५७ फुटांच्या वर गेली. पण ती का गेली, असं विचारलं तर आम्हा सगळ्यांचं एकच उत्तर होतं: खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण. मुलांचं, पालकांचं आणि त्यांच्या भूगोलाच्या बाईंचंही. पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीवर ठपका ठेवला नाही. ते सगळ्यांना पटलं असं नाही. वाद अजून चालू आहे आणि चालू असायला हरकत नाही. पण वाद घालायला लागणारी हत्यारं आम्ही मुलांना दिलीच नव्हती. निळी पूररेषा, लाल पूररेषा आपल्या गल्लीतून कुठून जाते, तिच्या आत कोणकोणती अपार्टमेंट उभी राहिली, हा नकाशा मी वर्गात एकदाही उघडला नाही. मी मुलांना घाटावर नेत होते आणि सूर्यास्त दाखवत होते. कुसैसची मुलं ‘क्लाउड सीडिंग’ म्हणाली, आमची ‘अलमट्टी’ म्हणाली. जात एकच.

सांगलीतली माझी जुनी सहकारीण म्हणते, ‘तू आता बोर्डाची माणूस झालीस.’ तिचं म्हणणं असं, की पेपर ठेवलास की गाईड निघेल, गाईड निघालं की व्हाइटनर निघेल. निघेल, मला मान्य आहे. तरीही मी आता पेपरच्या बाजूने आहे. एक तर आपल्या शाळांत ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही. डिसेंबर उजाडला की असले सगळे तास गणित आणि विज्ञान उचलून नेतात. मीही माझे दिलेले आहेत. दुसरं म्हणजे, सहली आणि उपक्रम पोचतात कोणापर्यंत? दुबईत ज्या शाळांना गच्चीवर हायड्रोपोनिक्स परवडतं त्यांच्या मुलांपर्यंत. बालभारतीचं पुस्तक जतच्या वाडीवरच्या झेडपी शाळेत जातं, निसर्ग शिबिराची बस जात नाही. साध्या शाळेतल्या साध्या मुलाला जे मिळायचं ते छापलेल्या धड्यातूनच मिळतं, आणि तो धडा ‘ऑप्शनला’ टाकता येऊ नये. इटलीने २०२० पासून वर्षाच्या ३३ तासांच्या नागरिकशास्त्रात हा विषय सक्तीने घातला. इथे संयुक्त अरब अमिरातीनेही २०१७ पासून नीतिशिक्षण शाळांना सक्तीचं केलंच की. सक्ती या शब्दाची मला पूर्वी जी शिसारी होती ती गेली आहे.

उलट धडे काढले जातात तेव्हा काय होतं, हेही इथे बसून दिसलं. दहावीच्या विज्ञानात ‘नैसर्गिक संसाधनांचं व्यवस्थापन’ असा एक धडा होता. एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार हलका करताना तो २०२२-२३ मध्ये वगळला. त्या धड्यात राजस्थानातल्या अमृतादेवी बिश्नोईची हकिकत होती, खेजडीची झाडं तोडू नयेत म्हणून जीव देणाऱ्या ३६३ माणसांची. इथल्या मुलांना आता ती वाचावी लागत नाही. आणि ती खेजडी म्हणजे इथलं राष्ट्रीय झाड गाफ. शाळेच्या फाटकाशी एक आहे, बस थांबते तिथे, सगळे त्याच्या सावलीत दप्तरं टाकतात. आपली शमीही तीच. दसऱ्याला इथे आपटा मिळत नाही म्हणून सासूबाई हळहळल्या, तेव्हा मी त्यांना फाटकापाशी नेऊन हे झाड दाखवलं. त्यांनी आधी काटे पाहिले, मग शेंग, मग पान चुरगळून बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगं, पांडवांची शस्त्रं यावरच की!’ वर्गातल्या मुलांना त्यांच्याइतकं कौतुक वाटलं नाही. त्यांना प्रश्न पडला की पाणी न घालता हे उभं कसं, आणि आपण रस्त्याच्या मध्ये पिटुनिया लावून त्याला रोज पाणी का घालतो. हा प्रश्न चांगला होता. उत्तर मी फार सावधपणे दिलं. आपण इथे पाहुणे आहोत याचं भान मला असतं, आणि ते मुलांनाही असतं.

सध्या आमच्या शाळेत बिलाच्या या प्रकल्पाला पाच गुण आहेत. सीबीएसईच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस गुणांत ‘सब्जेक्ट एनरिचमेंट’चे पाच असतात, त्यांत मी ते बसवले. पालकसभेत एक वडील सगळं शांतपणे ऐकून घेत होते, टिपणंही काढत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘मॅम, हे बोर्डाला येतं का?’ मी नाही म्हटल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला त्यांचा राग आला नाही. पाच वर्षांपूर्वी मीही टोपण लावलं असतं, फक्त वेगळ्या कारणासाठी.

पुढच्या सत्रासाठी मी कोऑर्डिनेटरकडे लेखी अर्ज दिलाय: आठवड्याला एक तासिका, जी गणिताला देता येणार नाही, आणि सहामाहीच्या पेपरात पाणी आणि कचरा यांवर आठ गुणांचा एक प्रश्न, आकडेमोडीसह, ‘किंवा’ न देता. तासिकेला त्या तयार आहेत. ‘किंवा’वर अजून बोलणी चालू आहेत.